बाबा प्रतापगड मेला

शिवरात्र जवळ आली की कोहमाऱ्याच्या फाट्यावरचा आवाज बदलतो. एरवी इथं हायवेच्या ट्रकांची घरघर असते, ढाब्यांवरच्या कढयांची खणखण असते, आणि साकोली, देवरी अशी गावं पुकारणारे काळीपिवळीवाले असतात. या दिवसांत नवेगावकडे वळणाऱ्या गाड्या वाढतात. टपावर बोचकी, खिडकीतून लोंबणारे हात, मांडीवर मांडी घालून बसलेली माणसं. सगळे प्रतापगडला निघालेले. कोणी डोंगरावरच्या महादेवाला, कोणी दर्ग्याला, कोणी दोन्हीकडे, आणि पुष्कळसे कुठेच नाही, नुसते फिरायला. शेतातलं लाखोरीचं पीक उपटून होत आलेलं असतं. पाणी असलेल्या बांध्यांत उन्हाळी धान रोवलेलं असतं. मोहाची पानं गळू लागतात आणि उन्हाला पहिल्यांदाच धार येते.

मी मुलाच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतो. दुकान एकेकाळी माझं होतं, म्हणून कोणी उठवत नाही. वळणावर गाडी हळू होते, आतल्या माणसांचे चेहरे क्षणभर दिसतात, आणि दरवर्षी मला एक वाक्य आठवतं. तीन शब्दांचं. ते मी लिहिलं होतं. आजही ते एका बाईच्या नावावर चालतं.

मी मूळचा घडीवाला. तरुणपणी गोंदियाला मामाच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायला शिकलो. दुकानाशेजारीच तार ऑफिस होतं. खेड्यातली माणसं तार करायला यायची आणि मॅट्रिक पास म्हणून मामा मला पुढं करायचा. तारेत शब्दागणिक पैसा लागतो, त्यामुळे माणूस घरून मोठी हकिगत घेऊन यायचा आणि मी तिचे हातपाय तोडून तीन-चार शब्दांत बसवायचो. 'आईची तब्येत फार बिघडली आहे, मिळेल त्या गाडीनं निघून ये' याचं 'आई गंभीर ये' व्हायचं. माणूस वाचून दाखवायला सांगायचा, ऐकायचा आणि मान हलवायचा. आपलं सगळं दुःख एवढंसं होतं का, अशी शंका काहींच्या डोळ्यांत दिसायची. मला मात्र तेव्हा कारागिरीचा अभिमान होता. घड्याळातून जादा तेल पुसून काढावं तसे मी जादा शब्द पुसून काढत होतो.

पुढे मी कोहमाऱ्याला दुकान टाकलं. मग मोबाइल आले आणि माणसं मनगटाऐवजी खिशात वेळ पाहू लागली. माझा धंदा ज्या वस्तूनं बुडवला तीच वस्तू मी विकायला ठेवली. त्यात दुःख करण्यासारखं काही नव्हतं. भिंग तेच राहिलं, ब्रश तोच राहिला. गिऱ्हाइकं मला घडीवाले बाबूजी म्हणत, तेही तसंच राहिलं.

ज्या हंगामाबद्दल मी लिहितो आहे त्या हंगामात एक नवा फोन आला होता. तो बटनांचा होता, पण त्याची बटनं वेगळी होती. साध्या फोनला आकड्यांची बटनं असतात आणि एकेका बटनात तीन-तीन अक्षरं कोंबलेली असतात. याला टाइपरायटरसारखी पूर्ण पाटी होती. प्रत्येक अक्षराला स्वतःचं बटन. फोन रुंद, काळा, तळहातावर बरोबर बसणारा. खोका उघडला की नव्या रबराचा वास यायचा. प्रीपेड सिमसोबत मिळायचा आणि मेसेजचं स्वस्त पॅक टाकलं की महिनाभर लिहीत बसता यायचं. कंपनीचा माणूस मोटारसायकलवर यायचा, गळ्यात पट्टा, पायात चकचकीत बूट. दर वेळी विचारायचा, बाबूजी, ग्राहकांचं मत काय आहे?

ग्राहकांना मतं पुष्कळ होती. जवळच्याच एका गावचा शेतकरी फोन हातात घेऊन म्हणाला, हा त भुट्ट्यासारखा दिसते, आणि खरोखर कणसावरचे दाणे चाचपावे तशी त्यानं बटनं चाचपली. एका ट्रकवाल्यानं फोन उलटापालटा केला, बॅटरीचा दिवा दिसला नाही म्हणून परत ठेवला. लिखके क्या करूँगा, म्हणाला, रात को टायर दिखना चाहिए. नांगर धरून अंगठा रुंद झालेला एक गडी एका वेळी दोन अक्षरं दाबायचा. माहं बोट जाडं का तुमची बटन बारीक, थे सांगा, असं त्यानं मला विचारलं. एका म्हातारीला एवढ्या बटनांत उचलायचं बटन सापडेना, म्हणून मी त्याच्यावर नखपॉलिशचा ठिपका लावून दिला. मग जो तो ठिपका मागू लागला. त्या हंगामात फाट्यावरून गेलेल्या बहुतेक फोनांवर लाल ठिपका होता. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, मराठीत लिहिता येत नसेल तर हा फोन नेमका कोणासाठी आहे? तेही बरोबरच होतं. लोक मराठीच लिहीत, पण इंग्रजी अक्षरांत, आणि वाचणारा आपल्या मगदुराप्रमाणे वाचून घेई.

सगळ्यात तिखट मत एका सासूचं होतं. सुनेला हा फोन घेऊ देणार नाही, म्हणाली. बोलली त आयकाले येते, लिहिली त काय समजन?

कंपनीच्या माणसाला मी यातलं काही सांगितलं नाही. ग्राहक खूश आहेत, एवढंच म्हणायचो. इथंही तारेचीच सवय. दुसऱ्याचं म्हणणं आपल्याला सोयीचं होईल एवढं आखूड करायचं.

ती सासू ज्या कारणासाठी फोन नको म्हणत होती त्याच कारणासाठी प्रमिलानं तो घेतला. फाट्यापासून थोडं आत एक गाव आहे, त्या गावाच्या टोकाला बौद्धांची टोली. प्रमिला तिथली सून. नवरा दिलीप पुण्याकडच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा घरी. घर म्हणजे एक खोली आणि एक छपरी. फोन आला की सासरा, कधी माहेरी आलेली नणंद, शेजारीण सगळे भोवती बसलेले. त्यात नवऱ्याशी काय बोलणार? पाऊस आला, बकरी व्याली, एवढंच. मनातलं लिहून पाठवता आलं तर कोणाला ऐकू जाणार नाही, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. पण तिनं पहिल्यांदा फोन हातात घेतला तेव्हा बटनांवरून हळू बोट फिरवलं आणि विचारलं, याचा आवाज येत नाही ना जी?

तिला दुकानात घेऊन आला होता तिचा सासरा, सदाशिवबाबा. उंच, काटक म्हातारा. दीक्षेच्या वर्षी तो बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेला होता, अशी त्याची गोष्ट. घरातले देव तेव्हाच गेले. पण प्रतापगडला तो दर शिवरात्रीला जायचा. विहारातली तरुण पोरं त्याला टोचायची, बाबा, तुम्ही कायले जाता महादेवाकडे? तो म्हणायचा, "देव सोडले जी. जलेबी कोठी सोडली?" आणि खरंच तो जत्रेतून जिलबीचा पुडा आणायचा. घरी येईपर्यंत कागदाला तेल सुटलेलं असायचं, आणि टोलीतलं प्रत्येक पोर त्यातला तुकडा खायचं.

त्यानं मला सांगितलं, माह्या सुनेले या बटना शिकवा. प्रमिला सातवीपर्यंत शिकलेली होती. मराठी घडाघडा वाचायची. इंग्रजी अक्षरं ओळखीची होती पण विखुरलेली, शाळेत असतात तशी ओळीनं नव्हती. ती बोट वर धरून 'एम' शोधत राहायची आणि तेवढ्यात काउंटरवर चार माणसं गोळा व्हायची. हळूहळू शिकवतो, असं मी म्हणायचो. मग तिच्या हातातून फोन घ्यायचो, आणा इकडं म्हणायचो, आणि तिनं सांगितलेलं मीच लिहून टाकायचो. असं किती वेळा झालं ते आता सांगता येणार नाही. तिनं ज्यासाठी फोन घेतला होता ते काम त्यामुळे झालंच नाही, हे मला फार उशिरा समजलं. नवऱ्याला लिहायचं ते घडीवाल्याला सांगून लिहायचं, मग छपरीत बसून बोलणं काय वाईट होतं? ती पुन्हा पाऊस आणि बकरीच सांगू लागली.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ती बाजाराला आली तेव्हा दोन कामं घेऊन आली. फोन चार्जिंगला लावायचा होता, कारण गावात लोडशेडिंग. आणि मेसेज पाठवायचा होता. तिनं सांगितलं, लिहा का, बाबा सकाळीच प्रतापगडच्या जत्रेले गेले, उद्या रात्रीपर्यंत येतीन, काळजी करू नका, आणि तुमच्यासाठी जलेबी ठेवतो म्हणाले. काउंटरवर गर्दी होती. मी तिची हकिगत ऐकली, आणि बोटांनी जुन्या सवयीनं काम केलं. जादा शब्द पुसले. गोंदियाचं बोलणं माझ्या तोंडी होतं. तिथे जत्रेला कोणी जत्रा म्हणत नाही, मेला म्हणतात. मी लिहिलं, बाबा प्रतापगड मेला. पाठवलं. वाचून दाखवलं नाही. तार ऑफिसाबाहेर निदान वाचून तरी दाखवायचो.

तार म्हणजे कोणाचं तरी मरण, असं खेड्यातल्या माणसाचं समीकरण होतं. पोस्टमन सायकलवरून उतरला की बायका आधी रडायला लागायच्या, मग कागद उघडायचा. ते मला चांगलं माहीत असताना मी तारेसारखं लिहिलं.

प्रमिला फोन चार्जिंगला लावून घरी गेली, उद्या नेते म्हणाली. दुकानात तेव्हा फळीवर फोनांची रांग असायची, वायरींनी बांधलेल्या जनावरांसारखी. धंद्याचा एक नियम होता, गिऱ्हाइकाचा फोन वाजला तरी उचलायचा नाही. संध्याकाळी तिचा फोन वाजला. पुन्हा वाजला. वाजतच राहिला. ढाब्यावरची माणसं वळून पाहायला लागली, तेव्हा मी त्याचा आवाज बंद केला.

तिकडे पुण्याला काय झालं ते पुढे दिलीपनंच लोकांना सांगितलं. त्याला तेव्हा इंग्रजी अक्षरं नीट लागत नसत. खोलीत साताऱ्याकडचा एक जोडीदार होता, त्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता तो थांबला. म्हणाला, अरे, तुझे वडील गेले की. आणि मग गोंधळून विचारलं, पण ते आमच्या प्रतापगडावर कशाला आले होते? त्या बिचाऱ्याला प्रतापगड एकच माहीत होता. दिलीपनं बायकोला फोन लावला, कोणी उचलला नाही. बहिणीला तिच्या सासरी लावला, तिनं मावशीला. रात्रीच्या गाडीत तो उभ्यानं आला.

दुसऱ्या दिवशी टोलीत माणसं जमली. मावशी आली ती वेशीपासून रडत आली. प्रमिला लाखोरीच्या शेतातून धावत आली, तर तिच्याच दारात रडारड. तिनं विचारलं, कोन मेलं? सगळ्या बायका तिच्याकडे पाहू लागल्या. तूच त लिहिलं ना, नणंद म्हणाली. दुपारी दिलीप पोचला. कोणीतरी प्रतापगडला माणूस पाठवायची तयारी करत होता. आणि तेवढ्यात रस्त्यानं सदाशिवबाबा येताना दिसला, डोक्यावर टॉवेल, हातात जिलबीचा पुडा. अंगणात एवढी माणसं पाहून त्यानंच आधी विचारलं, कोन गेलं बाप्पा?

हा प्रसंग आमच्या भागात फार वर्षं सांगितला गेला. चांगला सांगणारा असला की लोक पोट धरून हसतात. मीही हसलो आहे. सांगणाऱ्यानं मला डोळा मारून, बाबूजी, तुमचाच फोन होता ना थो, असं विचारलं, तेव्हाही हसलो आहे.

जे सांगितलं जात नाही ते त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात झालं. आदल्या संध्याकाळी दुकानातून परत नेलेला प्रमिलाचा फोन घेऊन दिलीप आला. त्याच्या मागे सदाशिवबाबा, आणि पायरीखाली, उन्हात, प्रमिला. दिलीप तापलेला होता. मालक परत कामावर घेतो की नाही, याचा नेम नव्हता. फोन खराब हाये, तो म्हणाला, भलतंच लिहिते. योगायोग असा की कंपनीचा माणूस तेव्हा काउंटरला टेकून चहा पीत होता. फोनबद्दल तक्रार म्हटल्यावर तो ताठ झाला. त्यानं फोन हातात घेतला, पाठवलेला मेसेज उघडला, बटनं एकेक दाबून पाहिली. मग शांतपणे म्हणाला, "फोनमध्ये काही दोष नाही. वापरणाऱ्याची चूक आहे." आणि पायरीकडे बोट दाखवून मला विचारलं, "या मॅडमनीच टाइप केलं ना?"

मी मान हलवली.

एवढंच. तोंडानं काही बोललो नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत आलो की ती मान नुसती हलली, तिचा अर्थ त्यांनी काढला. पण मला अर्थ माहीत होता. आणखी एक गोष्ट माहीत होती, ती इथं लिहिली नाही तर हे सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. पायरीखाली एखाद्या पाटलाची सून उभी असती तर माझी मान इतक्या सहज हलली नसती. टोलीतली बाई, नवरा परगावी, शाळा अर्धवट. तिच्या हातून चूक झाली म्हटलं की ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं. कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. कोणी विचारलंही नाही.

प्रमिलानं माझ्याकडे पाहिलं. सदाशिवबाबानं दिलीपच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, चाल. जिता हाये ना मी, मंग कायचं भांडन.

दिलीपला मालकानं परत कामावर घेतलं, हे नंतर कळलं. प्रमिलाला मात्र नाव पडलं. मेलावाली. आधी नणंदेनं म्हटलं, मग टोलीनं, मग गावानं. बाजारात भाजीवाली विचारायची, काय मेलावाली, आज कोनाले मारलं? शाळेत तिच्या मुलीला मेलावालीची म्हणायचे. नाव चिकटायला चूक मोठी असावी लागत नाही, ऐकायला गंमत वाटली की पुरते. आणि ती गंमत मी तयार केली होती, एका ओळीत, जादा शब्द पुसून.

माझ्या दुकानात ती पुन्हा आली नाही. मी आठवण ठेवत होतो असंही नाही. धंदा चालू होता. तो फोनही फार दिवस टिकला नाही. वर्षा-दोन वर्षांत काचेवर बोट फिरवायचे फोन आले आणि अक्षरांच्या बटनांची ती रुंद पाटी बंद झाली. कंपनीचा माणूसही यायचा बंद झाला. पण शिवरात्रीच्या गाड्या वळणावर हळू झाल्या की मान आठवायची. काही आठवणी डोक्यात राहतात, ही माझ्या मानेत राहिली आहे.

यंदा ती आली.

नवेगावच्या गाडीला वेळ होता म्हणून फाट्यावर उतरलेल्या माणसांत एक बाई सरळ आमच्या दुकानाकडे आली. केस पांढरे झालेले, खांद्याला कापडी पिशवी. तिनं काउंटरवर फोन ठेवला. तोच फोन. बटनांवरची अक्षरं पूर्ण पुसलेली, सगळी पाटी नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत. उचलायच्या बटनावर लाल रंगाचा एक कण तेवढा शिल्लक होता. त्यावरून मी आधी फोन ओळखला, मग तिला.

मुलानं सांगितलं, मावशी, हा कधीचाच बंद झाला, आता टच घ्या. त्यानं एक दाखवलाही. तिनं काचेवर बोट टेकवून पाहिलं आणि परत दिला. टचवर बोट घसरते, म्हणाली, बटनात समजते, अक्षर दाबलं का नाही दाबलं. त्यानं साधा बटनांचा काढला. तिनं तोही परत केला. एका बटनात तीन-तीन अक्षरं, एवढं कोन दाबत बसन? एकच बटन अडकते याचं, थे मोकळं करून द्या.

मुलानं फोन माझ्याकडे सरकवला. मी भिंग लावलं, पेटीतला जुना ब्रश काढला. ती शेजारच्या स्टुलावर बसली. बटनांच्या खालून भुसा निघाला, बारीक धूळ निघाली. मग मी विचारलं, सदाशिवबाबा कसे आहेत?

"बाबा जाऊन लय दिवस झाले जी," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, रस्त्याकडे पाहत, गाडी चुकू नये म्हणून. त्या दिवसापासून त्यांच्या घरात तो शब्द बंद झाला होता. बैल मेला, कोंबडी मेली, असंही कोणी म्हणत नसे. बाबा म्हणायचा, माह्या जिवावर आला होता थो शब्द, आता घरात नको. आणि मग एका वर्षी, शिवरात्रीच्याच तोंडावर, बाबा सकाळी छपरीत बसल्या बसल्या गेला. दिलीप पुण्याला. प्रमिलाला रडू आवरेना, बोलता येईना, म्हणून तिनं मेसेज लिहिला.

"थो शब्द लिहाले बोट नाही झालं," ती म्हणाली. "म्हनून लिहिलं, बाबा गेला. त यांचा मेसेज आला, जाऊ दे, जलेबी आनन."

माझ्या हातातला ब्रश थांबला. दिलीपला वाटलं होतं बाबा जत्रेला गेला.

मग? मी विचारलं. मंग फोन लावला, ती म्हणाली. बोलता काही आलं नाही. नुसती रडली, तवा समजलं त्याले. तो आला, वेळेवर आला, सगळं नीट झालं. पण तो जलेबीचा मेसेज आपण पाठवला होता हे त्यानं पुढे कोणाला सांगितलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगत होती, का सांगत होती ते तिलाच ठाऊक.

मी बटन बसवलं. फोन तिच्या हातात देता देता म्हणालो, "ते मेला मी लिहिलं होतं."

"मले नाही मालूम का?" ती म्हणाली. "सांगनारी त मीच होती."

"मग त्या दिवशी बोलली का नाही?"

तिनं पिशवी मांडीवर घेतली. म्हणाली, तुमी मान हालवली, तवा सारे माह्याकडं पाहत होते. रागानंच पाहत होते, पण या बाईले लिहिता येते असं समजून पाहत होते. तसं कोनं पाहिलं नव्हतं मले. मंग म्हटलं, आता आलंच पाहिजे. घरी जाऊन पोरीच्या पुस्तकातून अक्षरं काढली. रोज थोडं थोडं. बाबा शेजारी बसून विचारायचा, आज कोनतं आलं?

राग नाही आला माझा, असं मी विचारलं, आणि विचारल्या विचारल्या लाज वाटली.

"काऊन नाही येईन?" ती म्हणाली. "एवढी वर्सं रिचार्ज सडक अर्जुनीले जाऊन मारला. तुमच्या दारावरून जात होती, पन तुमाले एकबी गिऱ्हाईकी नाही दिली."

मी म्हणालो, टोलीत येतो. सगळ्यांसमोर सांगतो, ते माझं होतं. ती हसली. कोनाले सांगता जी, म्हणाली, आयकनारे अर्धे मेले. हा शब्द तिनं सहज वापरला, आणि वापरल्यावर स्वतःच थोडी थांबली.

मग म्हणाली, लिहाचं असन त लिहा, तुमाले हौस हाये. "पन मंग सारं लिहा. मेला तुमी लिहिलं. त्याच्या बादचं सारं म्या लिहिलं."

वळणावर नवेगावची गाडी दिसली. हॉर्न वाजला. लोक पिशव्या उचलून धावले. प्रमिला उठली नाही. तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यांनी लिहायला लागली, फोनकडे न पाहता, गाडीकडे पाहत. पुसलेल्या बटनांवर अंगठे न चुकता पडत होते. मोकळं केलेलं बटन नीट दाबलं जातं की नाही हे तपासत असावी, असं मला वाटलं. मग तिनं पडदा माझ्याकडे वळवला. दिलीपला लिहिलेला मेसेज होता, अजून पाठवलेला नव्हता.

मी चष्मा नीट केला. तीनच शब्द होते. मी प्रतापगड मेला.

बाई मरते तेव्हा 'मेली' होते. तिच्या हातच्या 'मेला'तून जत्रेशिवाय दुसरं काही निघायला जागा नव्हती. हे एवढं व्याकरण मला समजायला एक क्षण लागला, आणि तेवढा वेळ ती माझ्या तोंडाकडे पाहत बसली होती.

"बरोबर हाये का जी?" तिनं विचारलं.

या वेळी मी मान हलवली नाही. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, बरोबर आहे.